‘वेफ्खी’ कोणता प्राणी? : शोता रुस्तवेलीच्या महाकाव्यावरील मराठी प्रकल्पाच्या नोंदी

४ जून २०२४

आजपासून या वहीत नियमित नोंदी ठेवायच्या असे ठरवले आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा तेराव्याच्या आरंभी, जॉर्जियाची राणी थामार हिच्या राजवटीत रचल्या गेलेल्या ‘वेफ्खिस्त्काओसानी’ या महाकाव्याची प्रस्तावनेची कडवी आणि मुख्य कथेतील दोन प्रसंग थेट जॉर्जियनमधून मराठीत आणायचे, आणि त्यांना एक अभ्यासपूर्ण प्रास्ताविक जोडायचे, एवढाच प्रकल्पाचा आवाका आहे. संपूर्ण काव्य सोळाशेच्या आसपास कडव्यांचे आहे. ते सगळे हाती घेण्याइतके माझे जॉर्जियन पक्के नाही.

काळाचा अंदाज मराठी वाचकाला यावा म्हणून प्रास्ताविकाच्या पहिल्याच परिच्छेदात एक गोष्ट सांगणार आहे. थामार ११८४ मध्ये एकटी सिंहासनावर आली आणि परंपरेने मुकुंदराजाच्या विवेकसिंधूचा काळ शके १११०, म्हणजे ११८८, असा मानला जातो. दोन्ही भाषांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. मात्र आपल्याकडे मराठी ग्रंथरचना पहिली पावले टाकत असताना जॉर्जियन भाषेच्या पाठीशी सातशे वर्षांहून अधिक लेखनपरंपरा उभी होती, हे लक्षात घेतल्याशिवाय रुस्तवेलीच्या भाषेची सफाई समजत नाही.

११ जून २०२४

पहिली अडचण शीर्षकातच आली. शब्दाची फोड अशी : ‘वेफ्खिस’ म्हणजे वेफ्खी या प्राण्याचे, ‘त्काव’ म्हणजे कातडे, आणि ‘-ओसानी’ हा ‘ते ज्याच्यापाशी आहे तो’ असे दाखवणारा प्रत्यय. इंग्रजी भाषांतरांतला ‘सरदार’ किंवा ‘स्वामी’ मुळात कुठेच नाही. मुळात फक्त कातडे आहे आणि ते धारण करणारा कोणी एक आहे.

आता तो वेफ्खी कोण? आजच्या जॉर्जियनमध्ये ‘वेफ्ख्वी’ म्हणजे वाघ, याबद्दल कोणाचे दुमत नाही. तरीही इंग्रजीत मार्जरी वॉर्ड्रॉपच्या १९१२ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झालेल्या गद्य भाषांतरापासून ‘पँथर’ रूढ झाला. जर्मनमध्ये आर्थर लाइस्टने १८८९ मध्ये आणि हुगो हुपर्टने १९५५ मध्ये ‘टिगर’ पसंत केला. रशियनमध्ये बाल्मोंतकडे ‘बार्स’ म्हणजे बिबट्या आहे, तर झाबोलोत्स्कीकडे वाघ. भाषांतरकारांचे हे मतभेद पाहून पुढचे काही आठवडे या एका शब्दावर खर्च होणार हे दिसू लागले आहे.

लिप्यंतराचा निर्णय मात्र आजच घेतला. जॉर्जियनमध्ये महाप्राण ‘थ, फ’ आणि कंठस्फोटासह उच्चारलेले ‘त, प’ अशी स्वतंत्र अक्षरे आहेत. रोमन लिपीत हा भेद बहुधा पुसला जातो. देवनागरीत तो निम्मा तरी राखता येतो. म्हणून थामार, आणि काव्यातल्या पात्रांपैकी थिनाथिन, अवथांदिल, फ्रिदोन, पण तारिएल आणि नेस्तान. या नियमाने कवीचे नाव ‘शोथा’ असे लिहावे लागेल. परंतु आयुर्वेदाशी थोडाही परिचय असलेल्या वाचकाला त्यात सूज दिसेल, म्हणून तिथे नियम मोडून ‘शोता रुस्तवेली’ हेच रूप ठेवले आहे.

१९ जून २०२४

कथासार लिहून पूर्ण केले. मराठी वाचकाला ज्याचे कुतूहल आधी वाटेल ती गोष्ट म्हणजे या काव्याचा नायक भारतीय आहे. अरबस्तानचा वृद्ध राजा रोस्तेवान मुलगा नसल्याने आपली कन्या थिनाथिन हिला सिंहासनावर बसवतो. पुढे शिकारीच्या वेळी त्याला नदीकाठी रडत बसलेला, काळ्या घोड्याचा लगाम हाती धरलेला एक अनोळखी तरुण दिसतो आणि कोणाशी न बोलता नाहीसा होतो. त्याचा शोध घ्यायला थिनाथिन आपला प्रियकर सेनापती अवथांदिल याला पाठवते. तो तरुण म्हणजे तारिएल. हिंदुस्थानात सात राज्ये होती, त्यांतली सहा राजा फार्सादानकडे आणि सातवे तारिएलच्या वडिलांकडे, सारिदानकडे, होते. सारिदानने आपले राज्य आपणहून फार्सादानला वाहिले आणि अमीरबार, म्हणजे सागरी सेनापती, हे पद स्वीकारले. फार्सादानची मुलगी नेस्तान-दारेजान हिच्यावर तारिएलचे प्रेम आहे. ख्वारज्मच्या शाहाच्या मुलाशी तिचे लग्न ठरते, परक्याच्या हाती हिंदुस्थान जाऊ नये म्हणून ती तारिएलला त्याचा वध करायला लावते, आणि या गुन्ह्याची शिक्षा म्हणून तिला समुद्रापार नाहीसे केले जाते. शेवटी तारिएल, अवथांदिल आणि त्यांचा मित्र फ्रिदोन हे तिघे मिळून, तिला जिथे कोंडून ठेवले आहे तो कजेथीचा किल्ला फोडतात व तिला सोडवतात.

हा हिंदुस्थान शोधायला नकाशा उघडू नये, असे प्रास्ताविकात स्पष्ट लिहिले आहे. तिथे एकही भारतीय नाव नाही, एकही भारतीय नदी नाही. नेस्तान-दारेजान हे नाव फारसी ‘नीस्त अंदर-इ-जहान’, ‘जगात जिच्यासारखी नाही ती’, यावरून आले असावे असे मानले जाते. हिंदुस्थान आणि अरबस्तान हे थामारच्या दरबाराकडे पाहण्याचे दोन आरसे आहेत, हे जॉर्जियन अभ्यासकांचे जुने आणि मला पटणारे वाचन आहे. गिओर्गी तिसरा याने ११७८ मध्ये, पुतण्या देम्ना याचे बंड मोडल्यानंतर, आपल्या मुलीला सहराज्याधिकारी केले होते. म्हणजे पुरुष वारस हाताशी असताना किंवा नसताना मुलीच्या हक्काचे काय, हा प्रश्न अरबस्तानात सुखाने आणि हिंदुस्थानात रक्तपाताने सुटताना दाखवला आहे. रोस्तेवानचे वजीर त्याला सांगतात की सिंहाची पिल्ले सारखीच, मग ती नर असोत वा मादी. थामारला तिच्या काळात ‘मेफे’, म्हणजे राजा, हीच पदवी होती, हे या ओळीबरोबरच सांगायला हवे.

२ जुलै २०२४

संहितेचा प्रश्न. रुस्तवेलीच्या हातची तर सोडाच, त्याच्या शतकातलीही पोथी उरलेली नाही. तारखेचा उल्लेख असलेली सर्वांत जुनी पोथी १६४६ ची, मामुका तावाकाराश्विली याने नकललेली आणि स्वतः चित्रांनी सजवलेली आहे. म्हणजे मूळ रचना आणि ही पोथी यांच्यात सुमारे साडेचारशे वर्षांची दरी आहे, आणि त्या काळात नकलाकारांनी व पुढच्या कवींनी आपापली कडवी आत घातली, कथेच्या शेवटाला नवी प्रकरणे जोडली. जॉर्जियातील आणि ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील पोथ्यांचा संग्रह २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेला, तो या उत्तरकालीन पोथ्यांचाच.

१७१२ मध्ये राजा वख्तांग सहावा याने तिबिलिसीत, तीन वर्षांपूर्वी उभारलेल्या छापखान्यात, आजच्या रोमानियातल्या वालाखियाहून आलेल्या मुद्रकाच्या हातून हे काव्य प्रथम छापले. त्याने जोडप्रकरणे गाळून १५८७ कडवी ठेवली आणि शेवटी स्वतःची टीका जोडली. टीकेत त्याने लौकिक प्रेमाला ईश्वरभक्तीचा अर्थ दिला. धर्मपीठाचा रोष टाळण्यासाठी तसे केले की त्याची ती खरी श्रद्धा होती, यावर अभ्यासक भांडत आले आहेत. मला वाटते, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

हे सगळे लिहिताना पैठणचे एकनाथ सतत आठवत होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखी होईल, अशी ताकीद दिली. वख्तांगचे काम याच जातीचे आहे. फरक एवढा की एकनाथांची प्रत हस्तलिखित होती आणि वख्तांगची छापील, त्यामुळे तिचा शिक्का पुढच्या सगळ्या आवृत्त्यांवर घट्ट बसला. मराठी वाचकाला पाठशुद्धीचा प्रश्न समजावून सांगायला यापेक्षा जवळचा दाखला नाही, म्हणून तो प्रास्ताविकात घेतला.

९ जुलै २०२४

दिवसभर छंद मोजण्यात गेला. फारसे काही लिहून झाले नाही.

१६ जुलै २०२४

रुस्तवेलीच्या छंदाचे नाव ‘शाइरी’. आपला ‘शाहीर’ आणि हा शब्द एकाच अरबी मुळाचे, हे पाहून आनंद झाला. परंतु डफ-तुणतुण्याशी याचा काही संबंध नाही. ओळ सोळा अक्षरांची, आठव्यावर यती, आणि कडव्याच्या चारही ओळींना एकच अंत्ययमक. ‘उंच’ शाइरीत प्रत्येक अर्धाचे चार-चार असे भाग पडतात आणि यमक दोन अक्षरांचे असते. ‘खालच्या’ शाइरीत पाच-तीन अशी फोड होते आणि यमक तीन अक्षरांचे असते. कवी दोन्ही आलटूनपालटून वापरतो, त्यामुळे हजारभर कडवी वाचूनही कान थकत नाही.

प्रस्तावनेतले एक कडवे उंच शाइरीत आहे : ‘शाइरोबा पिर्वेलादवे सिब्र्द्ज्निसाआ एर्थी दार्गी’. शाइरी ही मुळात शहाणपणाचीच एक शाखा आहे, असे त्यात म्हटले आहे, आणि चौथ्या ओळीत, लांबलचक बोल थोडक्यात सांगता येतो म्हणून ती चांगली, असे कारण दिले आहे. सोळाशे कडव्यांच्या कवीने हे म्हणावे यात थोडी मिस्कील छटा असावी, कारण लगेच पुढे तो एखाददुसरी ओळ रचणाऱ्याला कवी म्हणायलाच नकार देतो. घोड्याची परीक्षा लांब वाटेवर होते, हा त्याचा युक्तिवाद आहे.

मराठीत सोळा अक्षरे म्हणजे अनुष्टुभाचा अर्धा श्लोक, तेव्हा माप परके नाही. ‘दीर्घ बोल थोडक्यात, शाइरीचे हेच सार’ अशी एक ओळ साधली. मात्र ती कागदावर सोळा अक्षरांची आहे; बोलताना ‘बोल’ आणि ‘सार’ यांतला शेवटचा अकार गळतो आणि कानाला कमी अक्षरे ऐकू येतात. जॉर्जियनमध्ये प्रत्येक लिहिलेला स्वर उच्चारला जातो. शिवाय ‘म्हणून चांगली’ याचे ‘हेच सार’ झाले, म्हणजे कवीचा साधा निवाडा माझ्या हातून सुभाषित बनला. पद्यभाषांतराचा हट्ट सोडून लयबद्ध गद्य लिहावे, असा विचार त्यामुळे बळावला आहे.

६ ऑगस्ट २०२४

‘मिज्नुरी’ या शब्दापाशी अडलो. प्रस्तावनेत कवी स्वतःच व्याख्या देतो : अरबी भाषेत मिज्नूर म्हणजे वेडा, कारण ज्याला प्राप्ती होत नाही तो वेडा होतो. हा शब्द ‘मजनून’चाच जॉर्जियन अवतार आहे, आणि मराठीत ‘मजनू’ घरोघरी माहीत आहे. पण मराठीत मजनू म्हणजे कॉलेजच्या फाटकाशी घुटमळणारा, लोकांच्या थट्टेचा विषय. रुस्तवेलीचा मिज्नूर सुंदर, ज्ञानी, उदार, धीराचा आणि वाणी व युद्ध दोन्हींत निपुण असावा लागतो. त्याने प्रेम लपवून ठेवावे, प्रियेचे नाव उघड करू नये, आणि तिच्यासाठी दुःख सोसणे हेच सुख मानावे, अशी अट आहे. ‘प्रेमी’ म्हटले तर वेड जाते, ‘प्रेमवेडा’ म्हटले तर शिस्त जाते. तूर्त मूळ शब्दच ठेवून कवीच्या व्याख्येवर भिस्त ठेवली आहे. व्याख्या कडव्यातच असल्याने वेगळी टीप लागत नाही.

२० ऑगस्ट २०२४

आता वेफ्खी. आतापर्यंत जमलेले पुरावे सलग मांडून ठेवतो.

बिबट्याच्या बाजूने मुख्य आधार जुन्या धर्मग्रंथांचा. यशया संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायात लांडगा कोकराजवळ राहील आणि करडाशेजारी चित्ता पहुडेल, असे जे वचन मराठी बायबलच्या वाचकांना परिचित आहे, तिथे ग्रीकमध्ये ‘पार्दालिस’ आणि जुन्या जॉर्जियनमध्ये ‘वेफ्खी’ आहे. म्हणजे रुस्तवेलीच्या आधीपासून हा शब्द ठिपकेवाल्या प्राण्यासाठी वापरात होता. दुसरा आधार लोकगीतांचा. डोंगरकड्यावर रानबोकडांच्या मागे गेलेला एक तरुण शिकारी आणि वेफ्खी एकमेकांना मारतात, आणि पुढे मुलाची आई, त्या वेफ्खीची आईही रडत असेल म्हणून, तिचे सांत्वन करायला निघते, असे एक विलक्षण गीत जॉर्जियाच्या डोंगराळ भागात गायले जाते. उभ्या कड्यावर भेटणारा प्राणी बिबट्या असण्याचीच शक्यता अधिक. तिसरा आधार फारसी वाङ्मयाचा : शाहनाम्यात आद्य राजा गयूमर्स आणि त्याचे लोक ‘पलंगीना’, म्हणजे बिबट्याचे कातडे, नेसतात, आणि रुस्तवेलीच्या दरबाराला हे वाङ्मय चांगले परिचित होते.

वाघाच्या बाजूने आजची भाषा आहे, आणि भूगोलही अगदी विरोधात नाही. कॅस्पियन वाघ दक्षिण कॉकेशसपर्यंत पोहोचत असे. १९२२ मध्ये तिबिलिसीजवळ असा एक वाघ मारला गेला होता. तेव्हा जॉर्जियात वाघ नव्हताच, हा युक्तिवाद टिकत नाही.

माझा निष्कर्ष असा की शब्द दोन्ही प्राण्यांना सामावून घेत होता, आणि काटेकोर प्राणिशास्त्र कवीला नको होते. हे लिहून झाल्यावर लक्षात आले की आपल्याकडे अगदी हेच आहे. सह्याद्रीतल्या गावात ‘काल वाघ आला होता’ असे कोणी म्हटले तर तो बहुधा बिबट्या असतो. भेद करायचाच असेल तर ‘पट्टेरी’ किंवा ‘ढाण्या’ एका बाजूला आणि ‘बिबळ्या’ दुसऱ्या बाजूला अशी विशेषणे लागतात. नुसता ‘वाघ’ दोघांचा. वाघोबाच्या शेंदरी दगडापुढे नारळ ठेवणारा माणूसही ठिपके की पट्टे, असे विचारत नाही. इंग्रजी, रशियन, जर्मन भाषांतरकारांना ज्या पेचात एक बाजू निवडावी लागली, तो पेच बोलीतल्या मराठीला नाही. दोन महिने शब्दकोश चाळून ही गोष्ट अखेर माझ्या आजोळच्या बोलीत सापडली, याची थोडी शरम वाटते.

३ सप्टेंबर २०२४

सिंह आणि वेफ्खीच्या प्रसंगाचा पहिला खर्डा रद्द करावा लागला. दोष पूर्णपणे माझा आहे.

प्रसंग असा. तारिएल एका टेकडीवरून पाहतो, तेव्हा सिंह आणि वेफ्खी प्रेमिकांसारखे एकमेकांजवळ येतात, मग त्यांच्यात भांडण पेटते, वेफ्खी पळतो आणि सिंह पाठलाग करतो. आपल्या प्रियेला का छळतोस, हा कसला पराक्रम, असे सिंहाला सुनावून तारिएल त्याला ठार करतो. मग तलवार फेकून देतो, वेफ्खीला नुसत्या हातांनी धरतो आणि जिने आपल्याला जाळले तिच्यासाठी त्याचे चुंबन घेऊ पाहतो. प्राणी गुरगुरतो, रक्तबंबाळ करणाऱ्या पंजांनी त्याला ओरबाडतो. तेव्हा सहन न होऊन तो त्यालाही मारतो.

जॉर्जियन भाषेला व्याकरणिक लिंग नाही. ‘इगी’ म्हणजे तो, ती आणि ते तिन्ही. खर्डा लिहिताना मी सवयीने ‘सिंह’ आणि ‘बिबट्या’ दोघांनाही ‘तो’ केले होते, आणि वर उतरवलेल्या प्रसंगाच्या सारातही वेफ्खी पुल्लिंगीच राहिला आहे. माझ्या जॉर्जियन शिक्षिकेला मी खर्ड्याचा अर्थ समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘मग तारिएलला नेस्तान कशी आठवली?’ प्रश्न योग्य होता. मुळात लिंग सांगितलेले नसले तरी सिंहाच्या तोंडी लागलेली ही दुसरी बाजू स्त्रीची आहे, हे सिंहाला दिलेल्या बोलातून उघड होते. मराठीत तिला ‘तो’ म्हटले की प्रसंगाचा कणाच मोडतो. दुसऱ्या खर्ड्यात ती वाघीण झाली आणि प्रसंग एकदम उभा राहिला.

एक गोष्ट मात्र साधली नाही. या कडव्यात ‘खेलिथा’ हा शब्द यमकाच्या जागी दोनदा येतो : एकदा ‘हाताने’ या अर्थी आणि शेवटी ‘वेड्या’ या अर्थी, वेड्या हृदयाने तिला मारले असे. हा केवळ खेळ नाही. ज्या हाताने तिला जवळ घेतले त्या हातातच वेड आहे, हे कवी एका शब्दात सांगून जातो. आपल्या अलंकारशास्त्रात ‘यमक’ म्हणजे काटेकोरपणे हेच, समान अक्षरे आणि भिन्न अर्थ; जॉर्जियन काव्यशास्त्रात याला ‘माजामा’ म्हणतात. ‘यमक्या’ म्हणून ओळखल्या गेलेल्या वामन पंडितांनी कदाचित तोड काढली असती. मी ‘करी’ हा शब्द घेऊन, हातात आणि कृती करतो अशा दोन अर्थांनी, चार प्रयत्न केले. वेड कुठेच बसले नाही. सोडून दिले.

१७ सप्टेंबर २०२४

‘फारसी कथा’ हा वाद थोडक्यात आटोपला. प्रस्तावनेत कवी म्हणतो की ही फारसी गोष्ट आहे, जॉर्जियनमध्ये उतरवलेली, एकाकी मोत्यासारखी हातोहात फिरलेली, आणि मी तिला पद्यात आणले. अशी फारसी गोष्ट आजवर कोणाला सापडलेली नाही. बहुतेक अभ्यासक आता याला काव्यातली युक्ती मानतात. शाहनामा किंवा वीस-रामीन या फारसी काव्यांचा प्रभाव आणि कथानकाची उसनवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे लिहून हा परिच्छेद संपवला. यावर पाने भरण्यासारखे आता काही उरलेले नाही.

दिव्नोसबद्दल मात्र अधिक लिहायला हवे. ज्ञानी दिव्नोस हे गुपित उघड करतो की ईश्वर चांगलेच पाठवतो आणि वाईट निर्माण करत नाही, असे काव्यात येते, आणि हा दिव्नोस म्हणजे दिओनिसिओस आरेओपागिता, ज्याच्या नावावर काही जुने ख्रिस्ती तत्त्वचिंतनाचे ग्रंथ आहेत तो, हे सर्वमान्य आहे. जॉर्जियन अभ्यासक शाल्वा नुत्सुबिद्झेने १९४२ मध्ये आणि त्याच्यापासून स्वतंत्रपणे बेल्जियममधील एर्न्स्ट होनिगमान याने १९५२ मध्ये असे मांडले की त्या नावामागचा खरा लेखक पाचव्या शतकातील जॉर्जियन राजपुत्र ‘पीटर द इबेरियन’ होता. मत आकर्षक आहे, सिद्ध नाही. पण वाईटाला स्वतंत्र अस्तित्व नाही हा विचार कथेत कसा उतरतो हे दाखवण्यासारखे आहे : कजेथीचे लोक प्रत्यक्षात राक्षस नाहीत, जादूटोणा जाणणारी माणसेच आहेत, असा खुलासा कवी आवर्जून करतो. दुष्टांचा किल्लासुद्धा माणसांचाच निघतो.

१ ऑक्टोबर २०२४

शीर्षक ठरले. ‘वाघिणीचे कातडे पांघरलेला’ हे प्राण्याच्या बाबतीत खरे असले तरी वाचकाला पहिल्याच पानावर ते कळून चालणार नाही. रोस्तेवानला तारिएल प्रथम दिसतो तेव्हा अंगात केस बाहेर काढलेल्या कातड्याचा अंगरखा आणि डोक्यावर त्याच कातड्याची टोपी एवढेच वर्णन आहे; कातडे का, हे तारिएल अवथांदिलला बऱ्याच नंतर सांगतो. म्हणून शीर्षकात लिंग झाकलेले हवे, आणि मराठीत ते झाकण्याची जागा समासात आहे. ‘व्याघ्रांबर’ या शब्दात वाघही आहे आणि वाघीणही. शिवाय ‘पीतांबर’ जसे वस्त्रही आहे आणि ते नेसणाराही, तसे ‘व्याघ्रांबर’ हा बहुव्रीही म्हणून त्या माणसाचे नाव होऊ शकतो. जॉर्जियन ‘-ओसानी’ जे काम करतो ते इथे प्रत्ययाशिवाय होते, आणि न मागता आलेला सरदारही टळतो.

आक्षेप अपेक्षित आहे : मराठी मनात व्याघ्रांबर म्हणजे शंकर. यावर बराच विचार केला. सतीच्या देहासह रानोमाळ भटकणारा शंकर आणि नेस्तानच्या शोधात गुहेत राहून रडणारा तारिएल यांच्यात मराठी वाचकाने नाते जोडले तर रुस्तवेलीचे नुकसान होईल असे मला वाटत नाही. तो संबंध ऐतिहासिक नाही, हे प्रास्ताविकात एका वाक्यात सांगितले आहे.

८ ऑक्टोबर २०२४

संपूर्ण मजकुरात बदल करून घेतले. अरबस्तानच्या प्रसंगात सर्वत्र ‘वाघाचे कातडे’, आणि तारिएलने स्वतः कारण सांगितल्यानंतर सर्वत्र ‘वाघीण’. ज्या दोन ओळींपाशी हा बदल होतो त्या आता अशा उतरल्या आहेत : ‘देखण्या वाघिणीत मी तिचेच रूप पाहिले आहे, म्हणून तिचे कातडे मला प्रिय आहे, तेच मी अंगरखा म्हणून शोधून घेतले आहे.’ दुसऱ्या वाक्यातला ‘तिचे’ वाघिणीचा की नेस्तानचा, हे मराठीत दोन्ही स्त्रीलिंगी असल्याने सांगता येत नाही. मुळातही तिथे ‘मिसी’ आहे, त्याचे किंवा तिचे, आणि तेही कोणाचे ते उघड केलेले नाही. या एका जागी मराठीचे लिंग आडवे आले नाही, म्हणून ओळीला हात लावलेला नाही.